कोतवालाच्या नावाचे ग्रामसचिवालय: तीन फेऱ्यांनंतरचा अभिप्राय

धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या खोऱ्यात आमचे गाव आहे. तेथील जुनी चावडी पाडून तिच्या जागी ग्रामसचिवालयाची नवी इमारत बांधण्यात आली आणि ग्रामसभेने ठराव करून तिला गावाच्या सेवानिवृत्त कोतवालांचे, म्हणजे तलाठ्याच्या हाताखालच्या गावसेवकाचे, नाव दिले. वडिलांच्या निधनानंतर शेतीच्या उताऱ्यावर वारसांची नावे लावून घेण्यासाठी मला नाशिकहून या इमारतीत तीन वेळा जावे लागले. त्या तीन फेऱ्यांवर हा अभिप्राय आधारलेला आहे. खानावळीचा किंवा दुकानाचा अभिप्राय जितक्या सहजपणे लिहिला जातो तितक्या सहजपणे सरकारी कार्यालयाचा लिहिला जात नाही, कारण तेथे गिऱ्हाइकाला शेजारच्या दुकानात जाण्याची सोय नसते. माझ्या मते तो लिहिण्याची गरज नेमकी याच कारणामुळे अधिक आहे. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या उणिवा पुढे सांगायच्या आहेत त्यांचा दोष बदलीवर येणाऱ्या-जाणाऱ्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या माथी मारण्याची माझी इच्छा नाही. कोतवालांना सारे गाव ‘आबा’ म्हणते, म्हणून या लेखनातही ते आबाच.

इमारत दिसायला चांगली आहे. तळमजल्यावर डावीकडे ग्रामपंचायत, उजवीकडे ग्राम महसूल अधिकाऱ्यांचे कार्यालय, मध्ये लोकांना बसण्यासाठी दालन आणि वर सभागृह अशी तिची मांडणी आहे. तलाठी हे पदनाम २०२४ साली बदलून ग्राम महसूल अधिकारी झाले आणि कोतवालालाही आता महसूल सेवक म्हणतात. गाव मात्र अजून ‘तलाठी’ आणि ‘कोतवाल’ हेच शब्द वापरते, आणि मीही पुढे तेच वापरणार आहे. पूर्वी ग्रामपंचायतीचा दाखला एका टोकाला आणि तलाठ्याचा उतारा दुसऱ्या टोकाला मिळत असे, त्यातही तलाठी नेमके कोणत्या दिवशी सजावर, म्हणजे त्यांच्या कार्यक्षेत्रातल्या गावी, येतील हे विचारत गावभर हिंडावे लागे. दोन्ही दारे एका छताखाली आली, ही या इमारतीची सर्वांत मोठी सोय आहे आणि ती मी कोणत्याही अटीविना मान्य करतो.

प्रवेशद्वारावरचा नामफलक काळ्या ग्रॅनाइटचा असून त्यावर सोनेरी रंग भरलेली कोरीव अक्षरे आहेत. अक्षरे ठसठशीत आहेत, रस्त्यावरून वाचता येतात, आणि अलीकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या चिकटवलेल्या धातूच्या अक्षरांप्रमाणे ती दोन पावसाळ्यांत गळून पडणार नाहीत. मात्र ‘सेवानिवृत्त’ या शब्दात दुसरा ‘त’ राहून गेला असून फलकावर ‘सेवानिवृत’ असे कोरले आहे. दगडावरची चूक खोडता येत नाही, म्हणून कोरण्यापूर्वी मजकूर गावातल्या एखाद्या शिक्षकाला दाखवायला हवा होता. फलकाखालच्या कोनशिलेबद्दल याहून थोडी गंभीर तक्रार आहे. उद्घाटनाला आलेल्या आणि येऊ न शकलेल्या मान्यवरांची नावे त्या शिलेवर उतरत्या क्रमाने इतकी दाटीवाटीने कोरली आहेत, की ज्यांच्या नावाची ही इमारत आहे त्यांचा उल्लेख तेथे शोधावा लागतो. पदानुसार अक्षरांचा आकार ठरवण्याची रीत सगळीकडेच आहे. पण येथे ती वाचताना हसू येते, कारण आबांनी आयुष्यभर याच क्रमाच्या शेवटच्या पायरीवर नोकरी केली.

नामकरणाचा ठराव ज्या ग्रामसभेत झाला तिला मी हजर नव्हतो. माझे चुलते हजर होते आणि त्यांनी सांगितलेली हकीकत अशी: नावाला उघड विरोध कोणी केला नाही, वाद झाला तो नावाखाली काय लिहावे यावर. काही जणांचे म्हणणे असे पडले की ‘सेवानिवृत्त कोतवाल’ लिहिले तर बाहेरगावचा माणूस हसेल, त्यापेक्षा ‘ज्येष्ठ समाजसेवक’ लिहावे. सूचना चांगल्या हेतूने आली असेल. तरीही ती फेटाळली गेली हे फार बरे झाले. समाजसेवक कोणालाही म्हणता येते, आणि प्रत्येक निवडणुकीच्या आधी गावोगावच्या फलकांवर ते उगवतच असतात. कोतवाल हे पद आहे, त्याला कामे नेमून दिलेली आहेत आणि ती झाली की नाही हे सांगता येते. सरकारी इमारतीला सरकारी सेवकाचे नाव द्यायचे तर त्याचे पद झाकून ते देण्यात काय अर्थ होता?

या पदाचा इतिहास ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे लिहिणे आवश्यक आहे. गावकामगारांपैकी कनिष्ठ मानल्या गेलेल्यांची कामे पूर्वी वतनाने, म्हणजे पिढीजात हक्काने आणि पिढीजात सक्तीने चालत. महार वतनात ही सक्ती सर्वांत कडक होती: हाडोळा म्हणून मिळालेल्या तुटपुंज्या वतनी जमिनीच्या आणि बलुत्याच्या मोबदल्यात सरकारचे आणि गावाचे पडेल ते काम रात्रीबेरात्री करावे लागे, आणि एकाने ते केले तरी त्याचे बंधन साऱ्या घरावर राही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे वतन मोडण्यासाठी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. ते तेव्हा तडीस गेले नाही. कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलनाचा कायदा १९५८ चा, आणि तो अमलात आल्यावर ही सेवा वतनाऐवजी पगारी झाली. ग्रामपंचायतींचा आजचा कायदाही १९५८ चाच आहे. एका कायद्याने उभी राहिलेली संस्था इमारतीच्या डाव्या बाजूला बसते, दुसऱ्या कायद्याने वतनातून मोकळ्या झालेल्या घरातल्या माणसाचे नाव दारावर आहे. हा योग ठराव लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आला होता की नाही, ते मी कोणाला विचारले नाही.

आबांचे आजोबा वतनदारीच्या काळात चावडीवर राबत आणि त्यांना चावडीच्या पायरीखाली उभे राहून बोलावे लागे, असे गावातले जुने लोक सांगतात. चावडी पाडली तेव्हा तिची ती दगडी पायरी ठेकेदाराने फेकून न देता समोरच्या निंबाखाली दोन विटांच्या खांबांवर आडवी टाकली. आता तो बाक झाला आहे. सकाळी दहाच्या सुमारास आबा त्या बाकावर येऊन बसतात.

पगारी सेवा झाली म्हणजे सारे सुरळीत झाले असे नाही. कोतवालाला वेतनश्रेणी नाही, मानधन मिळते; चतुर्थ श्रेणीत सामावून घेण्याची मागणी कोतवालांच्या संघटना वर्षानुवर्षे करीत आल्या आहेत, आणि निवृत्त झालेल्या कोतवालाला इतर सरकारी नोकरांसारखे निवृत्तिवेतन मिळत नाही. म्हणजे ज्या शासनाच्या इमारतीवर आबांचे नाव सोन्याच्या रंगात झळकते, त्या शासनाकडून त्यांच्या खात्यावर दरमहा निवृत्तीची म्हणून काही रक्कम येत नाही. फलकाचा खर्च ग्रामनिधीतून झाला असेल तर त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. मात्र हा अभिप्राय वाचणाऱ्याने सन्मान आणि हक्क या दोन वेगळ्या नोंदवह्या आहेत हे लक्षात ठेवूनच तो फलक पाहावा.

खानदेशात इमारतींना आणि संस्थांना नावे देण्याची परंपरा जुनी आहे, पण नावे बहुधा नेत्यांची, संतांची किंवा देणगीदारांची असतात. १९९० साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले आणि शेतात राबणाऱ्या, शाळेत न गेलेल्या बाईचे नाव पदवीच्या प्रमाणपत्रावर आले. खानदेशातल्या नामकरणांत मला ते सर्वांत पटलेले आहे. जळगाव महापालिकेच्या सतरा मजल्यांच्या इमारतीला सरदार वल्लभभाई पटेलांचे नाव आहे, परंतु रिक्षावाल्याला ते सांगून पाहा, तो क्षणभर विचार करील आणि मग म्हणेल, “सतरा मजली म्हणा ना!” नाव मोठे असले तरी जिभेवर बसेलच असे नाही. आमच्या गावात उलट झाले आहे. ‘ग्रामसचिवालय’ हा शब्द कोणी उच्चारत नाही. “उतारा काढायला आबांकडे चाललो” असे लोक म्हणतात, आणि त्यातून माणूस अभिप्रेत आहे की इमारत हे ऐकणाऱ्याला संदर्भावरून ओळखावे लागते. नामफलकाचे यश मोजायचे झाले तर याहून चांगले माप मला सुचत नाही.

सेवकाचे नाव द्यायचेच होते तर एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याचे का दिले नाही, असा प्रश्न मला नाशिकला एका स्नेह्यांनी विचारला. प्रश्न अगदीच गैरलागू नाही. पांझरेच्या काठाने वर गेले की साक्री तालुक्यात दातर्ती लागते. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून दाखल झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात खानदेशात होते आणि दातर्तीजवळ पांझरेच्या प्रवाहावर नळाचा सायफन उभारण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. पुढे १९०८ साली ते मुंबई सरकारच्या सेवेतून निवृत्त झाले, म्हैसूरचे दिवाण झाले, १९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले, आणि आज नागपूरच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेपासून बेळगावच्या तंत्रशास्त्र विद्यापीठापर्यंत त्यांचे नाव आहे. त्या नावाबद्दल मला आदर आहे. तथापि पांझरेचे पाणी शेतापर्यंत पोहोचते ते केवळ अभियंत्यामुळे नव्हे, हे या खोऱ्यातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. आमच्याकडची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी गावाने मिळून वाटून घेण्याची रीत, काही शतके चालली ती बंधाऱ्यांवर जितकी, तितकीच पाटकऱ्यावर आणि जागल्यावर: कोणाच्या वाफ्यात पाणी किती वेळ सोडायचे आणि रात्री कोणाची गुरे पिकात शिरली हे जाणणाऱ्या माणसांवर. त्यांची नावे कोणत्याही दगडावर नाहीत. महसुलाच्या कामात कोतवाल हा त्याच जातीकुळीचा माणूस आहे. कागद तलाठी लिहितो आणि कागदात काय लिहायचे ते कोतवालाला ठाऊक असते.

दुसरा आक्षेप असा होता, की जिवंत माणसाचे नाव इमारतीला देऊ नये. त्यामागचे कारण मला समजते. नाव दिल्यानंतर माणूस कसा वागेल याची हमी नसते, आणि पदावर असलेला माणूस स्वतःच स्वतःचे नाव लावून घेण्याचा धोकाही असतो. आबांच्या बाबतीत दुसरा धोका संभवत नाही. पहिल्याबद्दल त्यांनी स्वतःच शंका काढली होती. ठरावाची बातमी घेऊन तरुण मंडळी त्यांच्या दारात गेली तेव्हा ते म्हणाले, “मनं नाव कसाले? मी आजून जित्ता शे ना!” मंडळी हसली, परंतु त्या वाक्यातली अडचण मला माझ्या कामाच्या निमित्ताने पुरती कळली. आमच्या गावाच्या कितीतरी उताऱ्यांवर पंधरा-पंधरा वर्षांपूर्वी वारलेल्यांची नावे अजून भोगवटादार म्हणून तशीच आहेत. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी शासनाला १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढावी लागली. ज्या कचेरीच्या दप्तरात मेलेली माणसे इतकी वर्षे जमीन धरून बसली आहेत, तिच्या दारावर एका जिवंत माणसाचे नाव लागले तर त्यात एवढे बिचकण्यासारखे मला काही दिसत नाही.

आता प्रत्यक्ष सेवेबद्दल.

पहिल्या फेरीला मी सोमवारी साडेदहाला पोहोचलो. राज्य शासनाच्या कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि त्याच्या बदल्यात सकाळची वेळ पावणेदहाची ठरली, हे मी गृहीत धरले होते. उजव्या बाजूचे दार उघडे होते, पंखा चालू होता, संगणकाच्या पडद्यावर झाकण होते आणि खुर्चीत कोणी नव्हते. तलाठ्यांकडे शेजारच्या सजाचाही अतिरिक्त कार्यभार आहे आणि त्या दिवशी तहसील कचेरीत बैठक होती, हे मला नंतर कळले. बैठक असू शकते, दोन सजांचा भारही खरा आहे. परंतु ‘आज दुपारी तीननंतर’ एवढे तीन शब्द खडूने लिहायला फळा भिंतीवर टांगलेला होता आणि तो कोरा होता. दालनात ‘चौकशी’ अशी पाटी असलेली काचेची खिडकी आहे. तिच्या आत छपाई यंत्राचा रिकामा खोका ठेवलेला होता, आणि तिन्ही फेऱ्यांत तो तेथून हलला नाही.

चौकशी मग बाहेर झाली. “ये भाऊ, बठ,” असे म्हणून आबांनी बाकावर जागा करून दिली, वडील कधी गेले ते विचारले, ते विचारण्याआधीच त्यांना माहीत होते हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते, आणि पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी मला जे सांगितले ते मी वहीत उतरवून घेतले. मृत्यूचा दाखला डाव्या दाराकडून घ्यावा. सर्व वारसांची नावे, वय, पत्ता आणि मयताशी नाते लिहून अर्ज व प्रतिज्ञापत्र उजव्या दाराकडे द्यावे. चौकशी होऊन वारसांची नोंद आधी गाव नमुना ६क मध्ये होते, मग फेरफाराच्या वहीत, म्हणजे नमुना ६ मध्ये; संबंधितांना नोटिसा निघतात, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबावे लागते आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. तोपर्यंत सातबाऱ्यावर नाव येत नाही, म्हणून मधल्या काळात कोणी “लगेच करून देतो” म्हणाले तर ऐकू नये. हे सगळे त्यांनी तोंडपाठ सांगितले. एकही शब्द ‘बघू’, ‘होऊन जाईल’ अशा जातीचा नव्हता.

शेवटी त्यांनी विचारले, “बहीननं नाव टाकं का?” माझ्या हातातल्या कच्च्या यादीत आईचे, थोरल्या भावाचे आणि माझे नाव होते. बहिणीचे नव्हते. तिला वगळायचे असे आमच्यापैकी कोणी ठरवले नव्हते. तिचे लग्न शिरपूरकडे झाले, तिला तसाही हिस्सा नको आहे, हक्कसोड करून देईल, असे घरात सगळ्यांनी गृहीत धरले होते आणि ते गृहीत धरणाऱ्यांत मीही होतो. आबा म्हणाले की हक्क सोडायचा असेल तर तो तिने स्वतः, नोंदणी कार्यालयात जाऊन, सोडावा; वारसांच्या यादीतून नाव गाळणे म्हणजे हक्कसोड नव्हे, ती लपवाछपवी. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातील २००५ ची दुरुस्ती किंवा त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल त्यांनी वाचला असेल असे मला वाटत नाही. परंतु वारस चौकशीच्या वेळी तलाठी गावात येऊन “याला मुली किती?” असे विचारत, तेव्हा घरचे लोक जे सांगत नसत ते आबा सांगत, आणि त्यापायी त्यांना दोन-चार घरांचे पाणी तुटले होते, हे चुलत्यांनी मला त्या संध्याकाळी सांगितले. गावाने हे नाव का निवडले याचे उत्तर ग्रामसभेच्या ठरावात ‘प्रदीर्घ व निष्कलंक सेवा’ असे आहे. मला ते उत्तर या दोन-चार घरांत अधिक स्पष्ट दिसते.

दुसरी फेरी नीट झाली, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. तलाठी जागेवर होते, त्यांनी कागद तपासले, प्रतिज्ञापत्रातली एक चूक दाखवून ती तेथेच सुधारून घेतली, पोच दिली आणि अर्धा-पाऊण तासात मी मोकळा झालो. वयाने तरुण असलेल्या या अधिकाऱ्यांची भाषा सौम्य आहे. समोर ई-पीक पाहणीची नोंद चुकली म्हणून चिडलेले एक शेतकरी उभे असतानाही त्यांचा आवाज चढला नाही. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करायची असल्यामुळे चूकही आता शेतकऱ्याचीच ठरते, आणि ती कशी दुरुस्त करायची हे शिकवणारा माणूस कार्यालयात असणे हे दारावरच्या नावाइतकेच महत्त्वाचे आहे.

सोयींबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. बाकडी पुरेशी आहेत, पिण्याचे पाणी आहे, वीज गेली की इन्व्हर्टर चालतो पण इंटरनेट बंद पडते आणि मग सारेच थांबते. चाकाच्या खुर्चीसाठी केलेला उतार इतका खडा आहे की तो केवळ मोजमाप पुस्तिकेसाठी बांधलेला वाटतो. स्वच्छतागृह आहे, त्याला कुलूप आहे, आणि किल्ली कोणाकडे आहे हे तिन्ही वेळा वेगवेगळ्या माणसाने वेगवेगळे सांगितले. माझ्याबरोबर आलेल्या आईला शेवटी समोरच्या घरी जावे लागले. ही उणीव मी इतर सर्व उणिवांच्या वर ठेवतो.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, ती कोण देईल आणि न मिळाल्यास अपील कोणाकडे करायचे, हे कार्यालयाने लोकांना दिसेल असे लावायचे असते. सेवा देण्यात कारणाशिवाय कसूर झाली तर संबंधित अधिकाऱ्याला ५०० पासून ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. असा फलक येथे आहे. तो दप्तराच्या लोखंडी कपाटामागे आहे. कपाट भिंतीपासून हातभर पुढे असल्यामुळे बाजूने मान घालून पहिले दोन स्तंभ वाचता येतात. अपिलाचा स्तंभ तिसरा आहे. बाहेरच्या बाकावर जे तोंडी मिळते ते आत भिंतीवर लेखी मिळाले असते तर मला हा परिच्छेद लिहावा लागला नसता.

दालनात एका काचेच्या पेटीत आबांचे दवंडीचे डफडे ठेवले आहे आणि पेटीवर ‘पारंपरिक वाद्य’ अशी चिठ्ठी आहे. ज्याने ही चिठ्ठी लिहिली त्याने दवंडी ऐकलेली नसावी. ते वाद्य वाजवण्यासाठी नव्हते, लोकांना थांबवण्यासाठी होते: सारावसुलीची तारीख, पाटाला सुटणारे पाणी, साथीची लस, जमिनीचा लिलाव, यांपैकी काय ते पुढच्या वाक्यात कळे. आबा प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी थांबत आणि वस्तीच्या टोकाच्या शेवटच्या झोपडीपर्यंत जात, हे मी लहानपणी पाहिले आहे. काचेत ठेवल्यापासून कातडे सैल पडले आहे. त्याला ऊन लागते असे आबांनी दोनदा सांगितले, पण पेटीला कुलूप आहे आणि त्याची किल्लीही बहुधा स्वच्छतागृहाच्या किल्लीबरोबरच असावी.

पाचपैकी गुण देण्याची रीत पाळायची तर इमारतीला तीन, आतल्या सेवेला अडीच, आणि बाकावरच्या सेवेला पाच. तथापि हे तिसरे गुण ग्रामपंचायतीने किंवा महसूल खात्याने आपल्या खात्यावर जमा करू नयेत. आबा निवृत्त आहेत. येथे येणे हे त्यांचे काम नाही, त्याचा मोबदला त्यांना मिळत नाही आणि ते उद्या आले नाहीत तर कोणाला जाब विचारता येणार नाही. एखाद्याचे नाव इमारतीला द्यायचे आणि मग त्याचे जुने काम त्याच्याकडूनच फुकट करून घ्यायचे, हा प्रकार अनवधानाने घडत असला तरी घडतो आहे. चौकशीच्या खिडकीतला खोका काढून तेथे आठवड्यातून तीन दिवस कोणाला तरी पगारावर बसवावे, आणि त्या व्यक्तीने पहिला महिना निंबाखाली बसून काढावा, अशी माझी सूचना आहे.

तिसऱ्या फेरीपर्यंत नोंद प्रमाणित झाली होती. अर्ज दिल्यापासून चौतीस दिवस लागले, आणि हरकतीचे पंधरा दिवस वजा केले तर तक्रार करावी असा हा काळ नाही. पंधरा रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढला. आई, भाऊ, बहीण आणि मी, अशी चार नावे त्यावर होती. बाहेर आलो तेव्हा आबांनी हात पुढे केला, कागद डोळ्यांपासून लांब धरला आणि बोट एकेका नावाखालून सरकवत वाचला. बहिणीच्या नावाशी ते बोट थांबले. नोटिशीत बरोबर असलेले माझ्या मेहुण्यांचे नाव उताऱ्यावर चुकीचे उतरले होते, ‘भ्र.’ म्हणजे ‘भ्रतार’ (पती) या अक्षरापुढे त्यांच्या नावाऐवजी त्यांच्या वडिलांचे नाव पडले होते. मी आत जाऊन ते दाखवले. लेखनातली चूक आहे, जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्त होईल, अर्ज करा, असे उत्तर मिळाले, आणि ते उत्तर बरोबर होते.

अर्ज आबांनी सांगितला तसा बाकावर बसून लिहिला. चौथी फेरी पुढच्या सोमवारी आहे.